मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर कोणती चप्पल घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंचं वय ६१, साखर बरीच वर्षं आहे, पायांना मुंग्या येतात आणि परवा बाजारातून येताना एका पायातली स्लिपर निसटली तरी त्यांना पत्ता लागला नाही. दुकानदार महागडी मऊ चप्पल दाखवतोय, शेजारीण अ‍ॅक्युप्रेशरची सुचवतेय, नातेवाईक म्हणतात एमसीआरची, म्हणजे खास मऊ रबराची घ्या. यातली कोणती घ्यावी?

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. ड्रेसिंगच्या खोलीत मधुमेहींचे पाय रोज हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्लिपर निसटून न कळणं हा विसराळूपणा नाही. पायातल्या नसा साखरेमुळे खराब झाल्याचं ते अगदी ओळखीचं लक्षण आहे. शरीरातल्या सगळ्यांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, त्यामुळे बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. घरच्या घरी पाहायची एक सोपी चाचणी आहे, इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रुग्णालयात बसवलेली. आईंना डोळे मिटून झोपायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना तुमच्या बोटाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका, गुदगुल्या नकोत. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झाली आहे असं धरा आणि डॉक्टरांकडून रीतसर तपासणी करून घ्या. तिथे दहा ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा तंतू टेकवून पाहतात, थरथर जाणवते का हे बघायला कंपनकाटा (ट्यूनिंग फोर्क) लावतात आणि घोट्यापाशी व पावलावर नाडी लागते का तेही बघतात. नाडीची तपासणी मुद्दाम मागून घ्या. रक्तपुरवठाच कमी असेल तर कितीही चांगल्या चपलेने जखम भरत नाही. आणि आई मिश्री लावत असतील तर ती आधी सोडवा. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात.

आता चपलेकडे येते. सगळ्यांत महत्त्वाचं हे, की आईंना "बरी बसते का?" असं विचारून चप्पल घेऊ नका. आपण सगळे पायाला विचारूनच चप्पल घेतो. चावली की काढतो, सैल वाटली की एक नंबर खाली जातो. बधिर पाय यातलं काही सांगत नाही. उलट, अशा पायाला घट्ट चप्पलच "छान बसली" असं वाटतं, कारण घट्ट असली तरच ती जाणवते. नेमक्या मापाची चप्पल त्यांना सैल भासते. दुकानातून आनंदाने घेतलेली आणि चौथ्या दिवशी करंगळीच्या कडेला फोड आणणारी चप्पल बहुतेक वेळा अशीच निवडलेली असते. म्हणून माप डोळ्यांनी आणि हातांनी घ्यायचं.

संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. घरून निघण्याआधी आईंना कागदावर उभं करा, बसवू नका, आणि पेन सरळ धरून दोन्ही पावलांची रेघ काढा. दोन्ही पाय सारखे नसतात. मोठा असेल त्याचं माप धरा. तो कागद चपलेच्या तळव्यावर ठेवून बघा. रेघ कुठूनही बाहेर येत असेल तर ती चप्पल नको, मग तिची किंमत काहीही असो. सगळ्यांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा मोजताना ते धरा. रुंदी बोटांच्या मुळाशी पाहा, कारण पाऊल तिथे सर्वांत रुंद असतं.

मागे टाचेला पट्टा हवाच. बिनपट्ट्याची स्लिपर पायात राहावी म्हणून माणूस नकळत बोटं आवळून चालतो. नसांच्या आजारात पावलातले लहान स्नायू अशक्त होऊन बोटं आधीच वाकायला लागलेली असतात. वाकलेल्या बोटांची टोकं घासतात आणि बोटांच्या मुळाशी तळव्यातली हाडं खाली टेकून सगळा भार तिथे येतो. आधी घट्टा पडतो, आणि त्या घट्ट्याखाली जखम आतल्या आत तयार होते. याच कारणासाठी अंगठ्याचीही चप्पल नको. म्हणजे आपली हवाई स्लिपर गेली आणि कोल्हापुरीसुद्धा. कोल्हापुरीबद्दल मला मनापासून जिव्हाळा आहे, निरोगी पायाने ती अवश्य वापरावी. पण तिचा तळ कडक असतो, अंगठा बोटाभोवती आवळतो आणि नवी असताना ती चावते. निरोगी पाय तेल लावून, थोडं थोडं घालून तिला मऊ करून घेतो. बधिर पाय पहिल्याच दिवशी तासभर चालून सोलवटून येतो आणि आईंना ते रात्री चादरीवर डाग दिसल्यावर कळतं.

पट्टे रुंद, आतून मऊ अस्तराचे आणि वेल्क्रोचे असावेत, म्हणजे सूज कमी-जास्त झाली की सैल-घट्ट करता येतात. पट्ट्याची शिवण आतल्या बाजूला टोचणारी नको. आत बोट फिरवून बघा. तळाला खिळे नकोत. पुढे चप्पल उसवली तर मोच्याला चुका (बारीक खिळे) मारू देऊ नका, शिवून किंवा चिकटवून द्यायला सांगा. झिजलेल्या तळातून वर आलेली चूक पायात रुतून बसलेली मी पाहिली आहे, आणि त्या माणसाला काही दुखत नव्हतं.

एमसीआरबद्दल तुमचे नातेवाईक बरोबर सांगतायत. एमसीआर म्हणजे बारीक बारीक हवेच्या कप्प्यांचं रबर. त्याचा इतिहास मधुमेहाचा नाही, कुष्ठरोगाचा आहे. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगानेच गळून पडतात, अशी तेव्हा सर्वत्र समजूत होती. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वेदना गेल्यामुळे त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा इजा होते आणि तिच्यातून पाय खराब होतो. भार पसरवणाऱ्या मऊ रबराची सँडल घातली तर त्याच पायांवरची जखम टाळता येते. पुढे ते अमेरिकेत गेले आणि तिथे हेच शहाणपण मधुमेही पायांनाही लागू पडलं. आजही आपल्याकडे कुष्ठरोग कार्यक्रमात एमसीआरच्या चपला मोफत दिल्या जातात. त्यामुळे काही मधुमेही "ती त्या रोगाची चप्पल" म्हणून घालायला तयार होत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. आई असं काही म्हणाल्या तर त्यांना सांगा की आता आत एमसीआर आणि वरून नेहमीच्या सँडलसारखी दिसणारी जोडीही मिळते. मोठ्या रुग्णालयांच्या कृत्रिम अवयव विभागात किंवा ऑर्थोपेडिक पादत्राणांच्या दुकानात चौकशी करा.

घेताना आतलं रबर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून बघा. ते दबलं पाहिजे आणि सोडल्यावर लगेच उसळून वर आलं पाहिजे. दुकानदाराच्या त्या महागड्या मऊ चपलेलाही हीच परीक्षा लावा. फोम नुसता लिबलिबीत असेल तर उभं राहिल्यावर तो पार चपटा होतो आणि पाऊल पुन्हा कडक तळावरच येतं. मऊ रबराखाली बाहेरचा तळ मात्र चिवट हवा, काटा किंवा काच आरपार येणार नाही असा. एमसीआरही काही महिन्यांनी बसतो. टाचेखाली किंवा बोटांच्या मुळाशी खड्डा दिसला की चप्पल वरून कितीही नवी दिसो, बदला.

अ‍ॅक्युप्रेशरची चप्पल घरात आणूच नका. ज्या पायाला टोचलेलं कळत नाही, त्याच्याखाली मुद्दाम टोकं ठेवायची! शेजारणीचा हेतू चांगला आहे, पण या चपलांनी पडलेले फोड मी धुतलेत. मुंग्या जाव्यात म्हणून गरम पाण्याचा शेक, रबरी पिशवी, हीटरपुढे पाय ठेवणं, हेही बंद. आंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघायचं.

नवी चप्पल पहिल्या दिवशी एक तास, तीही घरात. काढल्यावर पाय बघा. लाल वण वीस मिनिटांनंतरही राहिला तर त्या जागी चप्पल दाबतेय. काही वण दिसला नाही तर रोज थोडा वेळ वाढवा.

घरातलं अनवाणी चालणं हा खरा कठीण विषय आहे, कारण आपल्याकडे चप्पल उंबऱ्याबाहेर. पण माणूस दिवसातला पुष्कळ वेळ घरातच चालतो. टाचणी, कपबशीचा तुकडा, खाटेचा कोपरा, सगळं घरातच असतं. नवी कोरी, कधीच बाहेर न गेलेली एक जोडी फक्त घरासाठी ठेवा. "ही बाहेरची नाही" एवढं पटलं की स्वयंपाकघरातही घालायला बऱ्याच आया तयार होतात. देवघरासाठी आणि देवळासाठी जाड तळाचे मोजे. दुपारच्या उन्हात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून दोन्ही तळवे भाजलेले लोक दर उन्हाळ्यात येतात. फोड येईपर्यंत त्यांना काही कळलेलं नसतं. दर्शन सकाळी लवकर घ्या. मोजे फिक्या रंगाचे, सुती, वरचं इलॅस्टिक न काचणारे. फिका रंग यासाठी की रक्त किंवा पू लागला तर दिसतो.

जोडव्यांचं कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. वर्षानुवर्षं बोटात असलेलं जोडवं सूज आली की रुततं, आणि खाली ओल साचून कातडी सोलते. आईंची जोडवी फिरतात का, निघतात का, ते आजच पाहा. निघत नसतील तर सोनाराकडून कापून घ्या. पुन्हा घालायची त्यांची इच्छा असेल तर सैल, गुळगुळीत कडेची करून घ्या आणि रोज रात्री काढायची सवय लावा. हा विषय हळुवारपणे काढा. पुष्कळ बायकांच्या मनात तो नाजूक असतो.

रोज रात्री पाय बघायचे. आईंना खाली वाकता येत नसेल किंवा नीट दिसत नसेल तर तुम्ही बघा. तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या. पावसाळ्यात चिखल्या होतात, तिथून जंतू आत शिरतात, म्हणून बेचक्या कोरड्या ठेवा. टाचांना भेगा असतील तर खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा, पण बोटांच्या मध्ये लावू नका. नखं सरळ रेषेत कापा, कोपरे खोल कोरू नका. कुरूप झालं तर ब्लेड नको आणि औषधाच्या दुकानातली कुरुपाची पट्टीही नको. त्या पट्टीत आम्ल असतं, ते शेजारची चांगली कातडीही जाळतं. आणि चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकून, आत हात फिरवून बघायची. खडा, बांगडीचा तुकडा, बी, काहीही निघतं.

एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लालसर आणि सुजलेला दिसला, जखम नसली आणि फारसं दुखत नसलं, तरी त्या पायावर भार टाकू देऊ नका. आतली हाडं ढासळत असू शकतात. त्याला शार्को पाय म्हणतात आणि तो वेळेवर प्लास्टर करून सांभाळला नाही तर पावलाचा आकार कायमचा बिघडतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जखम दिसली तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवा, कोरडी गॉझ ठेवून सैल बांधा आणि चालणं थांबवा. हळद, कॉफी पावडर, कोरफड, चुना यांतलं काही भरू नका. आम्हाला आधी ते खरवडून काढावं लागतं. डॉक्टरांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवा. थंडी वाजून ताप आला, वास येऊ लागला, लाली वर सरकू लागली किंवा साखर एकदम चढली, तर जखम वाटाण्याएवढी असली तरी सकाळची वाट न पाहता रात्रीच न्या.