डेमलो की हर्षद?

विचारणा अशी आहे: १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येला कुणी ‘डेमलो’ म्हणतं, कुणी ‘हर्षद’. यातला बरोबर शब्द कोणता? आणि ‘डेमलो’ मराठी आहे का?

दोन्ही बरोबर. मात्र ते समानार्थी नाहीत. इथे डेमलो म्हणजे ११, १११ अशा नुसत्या एकांच्या संख्येच्या वर्गातून येणारी, अंक मनोऱ्यासारखे चढून उतरणारी संख्या; हर्षद म्हणजे जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती. १२१ डेमलो आहे पण हर्षद नाही, १८ हर्षद आहे पण या मनोऱ्यातली नाही. तुमची संख्या दोन्हींत बसते, एवढंच.

शब्द दोन्ही द. रा. कापरेकरांचे. देवळालीचे हे शाळामास्तर आकड्यांशी खेळण्यात आयुष्यभर रमले. ‘डेमलो’ची व्युत्पत्ती शोधायला संस्कृत कोश उघडू नका, ते तेव्हाच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या स्टेशनाचं नाव, म्हणजे आजची डोंबिवली. कल्पना तिथे सुचली म्हणून नाव तेच. १९३८ साली त्यांनी यावर लेखही छापला.

१११ गुणिले १११ कागदावर मांडा. १११ च्या तीन ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा येतात १, २, ३, २, १. एकं वाढवत नऊवर गेलात की तुमची संख्या तयार. दहावा एक घेतलात की मधल्या घरात १० येतात, हातचा धरावा लागतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा आठ गायब! मनोऱ्याची शोभा नवापर्यंतच.

‘हर्षद’ मात्र रीतसर संस्कृत घडणीचा: जल देतो तो जलद, तसा हर्ष देतो तो हर्षद. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग गेला की ती हर्षद. इथे बेरीज ८१, आणि भागाकार १५२४१५७८९९७१०४१, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. इंग्रजीत हर्षद संख्येलाच ‘निवेन संख्या’ही म्हणतात. आपण हर्षदच म्हणावं. घरचा शब्द आहे आणि अर्थही सांगतो.

जाता जाता: हिचं वर्गमूळ पूर्णांक आहे म्हणून हिला ‘मूळ संख्या’ म्हणू नका. ते ‘मूळ’ निराळं. ही संयुक्त आहे: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार.

वाचायची कशी, हेही कुणीतरी विचारेलच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातली स्थाननामं घेतली तर एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी आणि तिथून खाली उतरत एककापर्यंत. परार्ध एकच घर वर राहतो. बँकेच्या भाषेत हवी असेल तर १ कोटी २३ लाख ४५ हजार ६७८ अब्ज, ९८ कोटी ७६ लाख ५४ हजार ३२१.