जमिनीवरील वेगाच्या विक्रमासाठी गाडी दोनदा, तीही उलट दिशांनी का धावावी लागते?

वारा आणि जमिनीचा उतार यांचा फायदा हिशेबातून जावा म्हणून. एका बाजूने पाठीवर वारा मिळाला, तर परतीला तोच तोंडावर येतो. एफआयए या मोटार स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमानुसार मोजलेल्या एक मैल किंवा एक किलोमीटर अंतरावर दोन्ही धावा एका तासात पूर्ण कराव्या लागतात आणि त्यांची सरासरी धरली जाते. खरी परीक्षा या तासाची असते. कित्येक किलोमीटर पुढे जाऊन थांबलेली गाडी वळवायची, इंधन भरायचं, ब्रेकचे पॅराशूट बदलायचे, चाकं तपासायची! १३ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतील नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात चालक अँडी ग्रीन यांची थ्रस्ट एसएससी ही जेट इंजिनांची गाडी दोन्ही वेळा ध्वनीपेक्षा वेगाने धावली, पण तासाची मर्यादा थोडक्यात हुकली आणि विक्रम धरला गेला नाही. दोनच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, ताशी १,२२७.९८५ किमीची नोंद झाली. माझ्या मते त्या चमूचं सर्वांत मोठं काम हे दोन दिवसांत पुन्हा उभं राहणंच होतं. मात्र हा नियम सगळीकडे नाही: अमेरिकेतील बॉनेव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर होणाऱ्या स्पीड वीक या वेगाच्या स्पर्धेत दुसरी धाव दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच दिशेने होते.