शाळेची बॅच तलावावर नेताय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पोहण्याच्या बॅच सुरू झाल्या की ठाणे, नवी मुंबईतल्या शिक्षकांचे तेच तेच प्रश्न येतात. बहुतेक जण वर्गशिक्षक, पीटीचा तास गळ्यात पडलेला. म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देतोय.

मला पोहता येत नाही. दुसरीच्या मुलांना शिकवू शकते का? (शिक्षिका, घणसोली)

एकटीने नाही. शिकवायचं काम कोचचं, तुम्ही काठावरून मदत करा, आणि जबाबदारी कोणाची ते मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या.

पालकांनी दंडाला लावायचे फुगे दिलेत, चालतील?

नको. दुकानदार 'सेफ्टी' म्हणून विकतो पण ते खेळणं आहे, निसटतं, हवा जाते. शिवाय मुलाला पाण्यात उभं राहून लोंबकळायची सवय लागते, पोहायला तर आडवं व्हावं लागतं! किकबोर्ड (हातात धरून पाय मारायची तरंगती फळी) कधी द्यायचा ते कोचला विचारा. आणि '१० दिवसांत गॅरंटीने पोहा'वाल्यांकडे बॅच देऊ नका.

लाइफगार्ड असतोच, मग तेवढ्यात मी वह्या तपासल्या तर? (शिक्षक, कळवा)

सर, याच प्रश्नाची मला भीती वाटते. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, 'वाचवा' म्हणून ओरडतो, आणि आपण सगळे तसाच आवाज येईल म्हणून वाट बघत बसतो. लहान मूल बुडताना बहुतेकदा आवाजच येत नाही, कारण तोंड पाण्याच्या वर येतं ते जेमतेम श्वासापुरतं, ओरडणार कधी? डोकं मागे गेलेलं, तोंड पाण्याच्या रेषेत, हात बाजूला पाणी खाली दाबतायत, पाय मारणं जवळजवळ बंद, लांबून वाटतं पोरगं खेळतंय. हे सगळं मिनिटाच्या आत होऊन जातं, तुमची एक वही तपासून होईपर्यंत. लाइफगार्डला अख्खा तलाव बघायचा असतो, तुमच्या वर्गातलं कोण घाबरट, कोण आगाऊ हे त्याला कुठून कळणार? ते तुम्हालाच माहीत. मुलांच्या जोड्या लावा, शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा, तुम्ही मोजायचं, आत उतरताना आणि बाहेर येतानाही. फोन बॅगेत. रील पालकांना हवं असेल तर पालक वेगळा माणूस पाठवतील. एका शिक्षकामागे किती मुलं ते कोचशी आधी बोला, आणि कोच कमी पडत असतील तर बॅच अर्धी करा.

जास्त वेळ पाण्याखाली राहायची स्पर्धा घेतो, आधी भराभर श्वास घ्यायला लावतो. ठीक ना?

आजच बंद करा. शरीरात कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास घ्यावासा वाटतो. भराभर श्वासाने तोच कमी होतो, मग ऑक्सिजन संपत आला तरी जाणवत नाही आणि मूल पाण्याखालीच बेशुद्ध होतं.

डोळे लाल होतात, क्लोरीन जास्त आहे का?

दरवेळी नाही. क्लोरीन घाम आणि लघवीत मिसळून क्लोरामाइन होतं, तेच झोंबतं. आधी टॉयलेट, मग शॉवर, मग पाणी. लाली टिकली तर डॉक्टर.

बुडालेल्याला उलटं धरून पोटातलं पाणी काढायचं ना? व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आलाय.

डिलीट करा तो. त्यात वेळ जातो. १०८ ला फोन, आणि श्वास थांबला असेल तर लगेच तोंडाने श्वास देत सीपीआर (छाती दाबत राहणं). तो वाचून येत नाही, ट्रेनिंग घ्या.

एका मुलाला फिट येते. (शिक्षिका, नेरूळ)

न्यूरोलॉजिस्टचं लेखी मत आल्याशिवाय पाण्यात नाही. ते हो म्हणाले तरी एक मोठा माणूस पूर्ण वेळ फक्त त्याच्याजवळ.

तलाव बंद असला तर येऊरच्या ओढ्यावर प्रॅक्टिस घेऊ का?

नाही. सुट्टी द्या.