मामांच्या आगगाड्या आणि ८ लाखांचे खाते

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका निवृत्त वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे अमेरिकेतले मामा वारले आणि मामेभावाने येताना लायनेल कंपनीच्या जुन्या खेळण्यातल्या आगगाड्यांचे दोन खोके आणून दिले. हे डबे नुसते धावत नाहीत, कामही करतात. बटण दाबले की दार उघडून माणूस दुधाचे कॅन फलाटावर ढकलतो, गुरे डब्यातून उतरून कुंपणातून फिरतात आणि परत चढतात, ओंडके कलंडतात. वाचकांची नोकरी वीज खात्याच्या वर्कशॉपमध्ये मोटर वाइंडिंगची होती, त्यामुळे दोन डबे त्यांनी चालूही केले. आता बेत असा: अमेरिकेतून ४० डॉलरच्या आसपास बिघडलेले डबे मागवायचे, दुरुस्त करायचे, काहींना ग्वाल्हेर लाइट रेल्वेचे, म्हणजे ग्वाल्हेर-श्योपूरच्या जुन्या छोट्या गाडीचे, रूप द्यायचे आणि ९,००० रुपयांना विकायचे. भांडवलासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले ८ लाखांचे खाते मोडायचे. पेन्शन २८,००० रुपये आहे, याच योजनेत आणखी १४ लाख आहेत, बँकेत साडेतीन लाख. काकूंच्या गुडघ्याचे ऑपरेशन पुढच्या वर्षी ठरले आहे.

काका, ते खाते मोडू नका. काम मात्र सोडू नका.

तुमचे खाते १४ महिन्यांपूर्वीचे, व्याज ८.२ टक्के. म्हणजे दर तिमाहीला १६,४०० रुपये, वर्षाला ६५,६०० रुपये घरात येतात. दोन वर्षांच्या आत खाते बंद केले तर मुद्दलातून दीड टक्का, म्हणजे १२,००० रुपये कापले जातील. आता तुमचाच हिशेब घेऊ. डबा आणि टपालखर्च मिळून ६,५०० रुपये, विक्री ९,००० रुपये, सुटतात २,५००. आज घरबसल्या मिळणाऱ्या व्याजाएवढे कमवायला वर्षाला २७ डबे विकावे लागतील. यात सीमाशुल्क धरलेले नाही, सुटे भाग नाहीत, तुमच्या मेहनतीचा एक रुपयाही नाही.

आणि २७ गिऱ्हाइके कुठली? जयविलास पॅलेसमध्ये जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी बघायला माणसे तिकीट काढून जातात. तुमच्या हॉलमध्येही मुलांची गर्दी होत असणार. पण बघणारा वेगळा आणि विकत घेणारा वेगळा. ज्याला खरोखर लायनेल हवी असते त्याला अमेरिकेतले लिलाव माहीत असतात. शिवाय तिथेही साध्या मालाचे भाव चढत नाहीत. १९४७ साली आलेली दूधगाडी इतकी खपली की आज ती दुर्मीळ नाही, आणि ज्या पिढीने ती लहानपणी मागितली ती आता आपले संग्रह विकायला काढते आहे.

सगळ्यात मोठी अडचण आयातीची आहे. वापरलेला माल, यंत्रसामग्री सोडून, परदेशी व्यापार धोरणात ‘प्रतिबंधित’ वर्गात येतो. त्याला परवाना लागतो. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले होते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हाची सक्तीही आहे. तुमच्या पार्सलला यातले काय, किती लागू होईल हे कस्टम्स एजंटकडून लेखी घेतल्याशिवाय एक डबाही मागवू नका. भावाने सामानातून आणून देणे आणि धंद्यासाठी मागवणे या एकाच गोष्टी नाहीत.

मामांच्या डब्यांना रंग देऊ नका, हे तर मी हात जोडून सांगते. संग्राहक मूळ रंगाला, मूळ अक्षरांना, मूळ खोक्याला पैसे मोजतो. टवका उडालेला जुना रंग नव्या सुंदर रंगापेक्षा जास्त किमतीचा असतो. साफ करा, चाकांना तेल द्या, जळलेली कॉइल गुंडाळा. गुरांच्या पायांखालची रबरी बोटे वाळून कडक झाली की कंपनाने ती पुढे सरकत नाहीत. ती नवी मिळतात. असे काम किंमत कमी करत नाही.

पहिला खर्च ट्रान्सफॉर्मरवर करा. मामांचा जुना ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचा आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेप-डाउन लावून व्होल्टेज उतरेल, फ्रिक्वेन्सी नाही, आणि गाभा जास्त तापेल; त्यात ती सत्तर वर्षांची वायर. हे मी तुम्हाला काय शिकवणार! १८ व्होल्टचा नवा, वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर तुम्ही स्वतः बनवा, फ्यूज घाला, आणि जुना शोभेला ठेवा.

मग कमाई कशातून? तुमच्या हातातून. माझा हिशेब पुन्हा पुन्हा तिथेच येतो. तुमच्याकडे दुर्मीळ आहे ती कॉइल गुंडाळण्याची कला. देशात ज्यांच्याकडे जुन्या गाड्या बंद पडून आहेत, त्यांची दुरुस्ती घ्या. माल त्यांचा, भांडवल त्यांचे, मजुरी तुमची. जीएसटीतही हे सोपे: दुसऱ्या राज्यात वस्तू विकायला नोंदणी सहसा पहिल्या विक्रीपासून लागते, सेवेला वर्षाच्या २० लाखांपर्यंत लागत नाही.

ग्वाल्हेर लाइट रेल्वेचा विचारही टाकू नका, फक्त अमेरिकन डबा त्यात बळी देऊ नका. ती गाडी दोन फुटी, ६१० मिलिमीटर रुळांची. तुमचे लायनेलचे रूळ साधारण ३२ मिलिमीटरचे. १:१९ प्रमाणात हे ३२ मिलिमीटर म्हणजे बरोबर दोन फूट! म्हणजे त्याच रुळांवर श्योपूरच्या गाडीचा डबा अगदी मापात उभा राहतो. पत्रा, लाकूड, रंग सगळे इथलेच. आयातीचा प्रश्नच नाही. एक डबा करा, आणि दुसरा कोणी आगाऊ पैसे देऊन मागितला तरच करा.

या सगळ्याला ४०,००० रुपये ठरवा, बँकेतल्या साडेतीन लाखांतून. सोल्डरिंग स्टेशन, तार, रबर, थोडे सुटे भाग एवढ्यात बसतील. त्यापुढचा खर्च मजुरीच्या पैशातूनच. उरलेल्या ३,१०,००० रुपयांना ऑपरेशन होईपर्यंत हात लावायचा नाही. विमा असला तरी आधी खिशातून भरावे लागू शकते.

कराचे थोडक्यात: मामांकडून मृत्युपत्राने वा वारशाने आलेल्या वस्तूंवर तुम्हाला कर नाही. दुरुस्तीची मजुरी मात्र धंद्याचे उत्पन्न, ते विवरणपत्रात दाखवा. आजपासूनच एक वही घाला.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर मामांच्या प्रत्येक डब्याचा नंबर, फोटो, खोके आहे की नाही आणि तुम्ही काय दुरुस्त केले ते लिहा. मुलांना पुढे ठेवायचे की विकायचे ते ठरवायला ती नोंद लागेल, आणि विकायचे झाले तर गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच मागेल.