बी.एस्सी. ही शिक्षा नव्हे

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. आम्ही इचलकरंजीला राहतो. दहावीला तिला ९१ टक्के होते. गेल्या उन्हाळ्यापासून ती ‘टॉर्क्स’ नावाच्या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये कॉम्प्युटरला गाडी चालवायला शिकवत असते. ती स्वतः खेळत नाही. गाडी आपोआप पळते आणि ही वहीत आकडे लिहिते. रात्र रात्र कॉम्प्युटर चालू असतो. सत्र परीक्षेत फिजिक्समध्ये ७० पैकी ३८ मिळाले, तेव्हा मी कॉम्प्युटर उचलून दुकानात नेऊन ठेवला. सीईटीला ९५ पर्सेंटाइलच्या खाली आलीस तर सरळ बी.एस्सी.ला घालीन, असे तिला सांगितले आहे. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. कॉम्प्युटर जर आपोआप शिकतो, तर यात हिचे काम काय? यात करिअर होते का? होत असेल तर एआयची डिग्री कोणत्या कॉलेजात चांगली? तिच्या वहीच्या तीन पानांची प्रत सोबत पाठवत आहे.

उत्तर : आपण विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी देणार आहे, परंतु पत्र वाचून मला काळजी वाटली ती आपण प्रश्न म्हणून न लिहिलेल्या एका वाक्याची. ‘बी.एस्सी.ला घालीन’ हे आपण धाक म्हणून बोललात, आणि मुलीच्या भल्याच्या कळकळीनेच बोललात, याबद्दल मला शंका नाही. तरीही त्या एका वाक्याने दोन वाईट गोष्टी घडल्या आहेत. जे शिक्षण आपल्या मुलीच्या आवडीच्या सर्वांत जवळचे आहे, त्यालाच आपण घरात शिक्षेचे रूप दिले. आणि वडिलांची मर्जी तिच्या हातात नसलेल्या एका आकड्याला बांधून टाकली. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९५ पर्सेंटाइल याचा अर्थ परीक्षेला बसलेल्यांपैकी ९५ टक्के मुलांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी आहेत. किती प्रकरणे नीट वाचायची, किती उदाहरणे सोडवायची, हे ती ठरवू शकते. बाकीच्या लाखो मुलांनी कसा पेपर लिहावा, हे ती ठरवू शकत नाही. जे हाती नाही त्यावरून शिक्षा ठरवली की मूल अधिक अभ्यास करते असे नाही. बहुधा ते गप्प होते, आणि आपल्या घरी नेमके तेच झाले आहे. आपल्या पत्रातली मला सर्वांत गंभीर वाटलेली बातमी ७० पैकी ३८ ही नाही, तर जेवताना समोर बसणारी मुलगी वडिलांशी बोलत नाही ही आहे.

आता वहीच्या त्या पानांविषयी. ती आपण पुरावा म्हणून पाठवलीत, आणि माझ्या मते ती पुरावाच आहेत, पण आपल्या म्हणण्याच्या उलट बाजूचा. पहिल्या पानावर तिने लिहिले आहे की, गाडी रस्त्याबाहेर गेल्याबद्दल मोठा दंड ठेवला तर गाडी सुरुवातीच्या रेषेवरच उभी राहते. त्याखाली दंड कमी केल्यावर काय झाले त्याची नोंद आहे : गाडी निघाली, पण पहिल्याच वळणावर बाहेर गेली. दुसऱ्या पानावर तिच्या लक्षात आले आहे की, नुसत्या वेगाला बक्षीस दिले तर गाडी नागमोडी पळते, म्हणून वेगाचा जो भाग रस्त्याच्या दिशेने आहे तेवढ्यालाच बक्षीस द्यायचे. आणि त्यासाठी तिने गाडीचा रस्त्याशी होणारा कोन घेऊन त्याच्या कोसाइनने वेगाला गुणले आहे. तिसऱ्या पानावर तारखेनिहाय तक्ता आहे, आणि प्रत्येक ओळीत आदल्या दिवसापेक्षा एकच गोष्ट बदललेली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, फसलेला प्रयत्नही लिहून ठेवावा, ही शिस्त पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांनाही मुद्दाम लावावी लागते. ही प्रयोगवही आहे, आणि ती लिहिण्यासाठी तिला कोणी गुण देणार नव्हते.

कॉम्प्युटर आपोआप शिकतो, मग हिचे काम काय, हा आपला गैरसमज अगदी स्वाभाविक आहे आणि तो अनेक शिकलेल्या माणसांचाही असतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. या पद्धतीला रीइन्फोर्समेंट लर्निंग म्हणतात. यात गाडीला ‘येथे ब्रेक लाव, तेथे वळ’ असे कोणी सांगत नाही. गाडीला काय दिसावे, तिला काय करता यावे आणि कशाबद्दल बक्षीस व कशाबद्दल दंड मिळावा, एवढे माणूस ठरवतो. मग ती हजारो वेळा धडपडते आणि एकूण बक्षीस वाढवणारी चाल शोधते. टॉर्क्समध्ये संशोधकांच्या स्पर्धांसाठी जी सोय केलेली होती, तिच्यात गाडीला रस्ता चित्रासारखा दिसत नाही; वेगवेगळ्या दिशांना रस्त्याची कड किती दूर आहे, हे २०० मीटरपर्यंत सांगणारी १९ मापे आणि वेग, कोन, चाकांची गती असे काही आकडे मिळतात. त्या आकड्यांतून वळण ओळखायचे असते. यातले शिकणे यंत्राचे असले तरी बक्षीस कशाला द्यायचे हा निर्णय माणसाचा असतो, आणि तो चुकला तर यंत्र इमानेइतबारे चुकीचीच गोष्ट शिकते. २०१६ मध्ये ओपनएआय या संस्थेने ‘कोस्टरनर्स’ नावाच्या बोटींच्या शर्यतीच्या गेममधला असाच एक अनुभव प्रसिद्ध केला. त्या गेममध्ये गुण शर्यत पुरी करण्याबद्दल नव्हे, तर वाटेतली लक्ष्ये टिपण्याबद्दल मिळत. संगणकाने चालवलेली बोट शर्यत सोडून एका खाडीत गोल गोल फिरत राहिली, पुन्हा पुन्हा उगवणारी तीच लक्ष्ये टिपत राहिली, इतर बोटींवर आदळली, पेटली, आणि तरीही माणसांपेक्षा अधिक गुण मिळवून बसली. आपली मुलगी ज्या प्रश्नाशी झगडते आहे, तो हाच आहे.

या क्षेत्रातले सर्वांत गाजलेले काम सोनीच्या ‘सोफी’ या संगणकी चालकाचे आहे. ‘ग्रान टुरिस्मो’ या गेममध्ये त्याला शिकवणाऱ्या गटाने आपला निबंध फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अनेक प्लेस्टेशन एकाच वेळी चालवून सोफीला सराव दिला गेला. एक-दोन दिवसांत तो बहुतेक मानवी खेळाडूंपेक्षा वेगवान झाला, पण शेवटचे काही दशांश सेकंद कमी करण्यासाठी आणखी नऊ दिवस लागले आणि एकूण सराव ४५,००० तासांहून अधिक ड्रायव्हिंगएवढा झाला. एवढा वेगवान असूनही जुलै २०२१ मधल्या लढतीत सोफीचा संघ जगातल्या उत्तम खेळाडूंकडून सांघिक गुणांत हरला, कारण एकट्याने वेगात पळणे आणि दुसऱ्याच्या शेजारून धक्का न देता पुढे जाणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. टकरीबद्दल दंड फार ठेवला तर चालक इतका भित्रा होतो की शर्यतच करत नाही, आणि फार कमी ठेवला तर तो दुसऱ्यांना ढकलून पुढे जातो. हा तोल साधण्यासाठी त्या गटाला बरेच काम करावे लागले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच स्पर्धकांविरुद्ध सोफीचा संघ १०४ विरुद्ध ५२ असा जिंकला. मोठ्या दंडामुळे रेषेवरच उभी राहिलेली आपल्या मुलीची गाडी हे त्याच प्रश्नाचे छोटे रूप आहे. आणि तिच्यावर आपण ठेवलेल्या दंडाचाही याच दृष्टीने एकदा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रात्रभर कॉम्प्युटर चालू असतो याचा अर्थही आता आपल्या लक्षात आला असेल. ती रात्रभर जागत नसावी. ती झोपलेली असताना गाडी सराव करत असावी. हे एकदा तिला विचारून खात्री करून घ्यावी.

यात करिअर होते का, याचे उत्तर मात्र मला स्पष्ट द्यायला हवे, आणि ते आपल्या मुलीला आवडणार नाही. बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक शर्यतींच्या गेममधले प्रतिस्पर्धी असे शिकवलेले नसतात. रस्त्यावर एक रेषा आधीच आखलेली असते, प्रत्येक वळणाला वेगाची मर्यादा दिलेली असते, आणि अनेक गेममध्ये तर खेळणारा मागे पडला की पुढच्या गाड्या मुद्दाम किंचित हळू केल्या जातात. गेम बनवणाऱ्याला अजिंक्य चालक नको असतो. खेळणाऱ्याला मजा येईल असा, हवा तसा सोपा-कठीण करता येणारा चालक हवा असतो. शिकवलेल्या चालकाची एकाच वळणावरची खोड काढणे अवघड असते, आणि गाडी किंवा रस्ता बदलला की पुष्कळदा सराव पुन्हा द्यावा लागतो. त्यामुळे केवळ या कामासाठी नेमलेली माणसे जगभरात थोडी आहेत. गेम स्टुडिओ आपल्याकडे पुण्यातही आहेत, पण तेथे नेमके हेच काम मिळेल या आशेवर शिक्षणाची दिशा ठरवू नये. दिशा ठरवायची ती या कामाखालच्या विद्येवर. त्याच विद्येच्या बळावर २०२३ मध्ये झ्युरिक विद्यापीठाच्या गटाने शिकवलेल्या ड्रोनने प्रत्यक्ष मैदानातल्या शर्यतीत मानवी विजेत्यांना हरवले. यंत्रमानवाचे चालणे, गोदामातली स्वयंचलित वाहने, गाड्यांच्या चालकसहाय्यक यंत्रणांची संगणकावरची चाचणी, या सगळ्यांत तिचा उपयोग वाढतो आहे. ही विद्या म्हणजे संभाव्यता, संख्याशास्त्र, कलन (कॅल्क्युलस), रेषीय बीजगणित आणि त्यांच्या जोडीला चांगले प्रोग्रामिंग.

म्हणूनच एआयची डिग्री कोणत्या कॉलेजात चांगली, हा प्रश्न मला बदलून घ्यावासा वाटतो. इंजिनिअरिंगला माझा विरोध नाही. जेईई आणि एमएचटी-सीईटी हे मार्ग आपल्याला ठाऊकच आहेत आणि तिने त्या परीक्षा द्याव्यात. परंतु शाखेच्या नावात एआय आहे म्हणून प्रवेश घेऊ नये. अभ्यासक्रम मागवावा, त्यात गणित आणि संख्याशास्त्र किती सत्रे आहे आणि ते शिकवणारे पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का, एवढे पाहावे. जेथे ही उत्तरे समाधानकारक नसतील, तेथे साधे कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स अधिक उपयोगी पडेल. मात्र या वहीच्या मुलीसाठी मी पहिल्या क्रमांकावर जे लिहीन ते गणित किंवा संख्याशास्त्राची पदवी हे आहे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचा बी.स्टॅट. आणि तिच्या बंगळुरू केंद्रातला बी.मॅथ., चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा गणित व संगणकशास्त्राचा बी.एस्सी. ऑनर्स, पुण्याच्या आयसरचा, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचा, पाच वर्षांचा बीएस-एमएस, हे देशातले अत्यंत मानाचे अभ्यासक्रम आहेत. त्यांच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या आहेत. सांख्यिकी संस्थेच्या आणि चेन्नईच्या परीक्षेत पर्याय निवडण्याबरोबर संपूर्ण युक्तिवाद लिहावा लागतो. क्लासमध्ये शिकवलेल्या झटपट युक्त्या तेथे फार उपयोगी पडत नाहीत आणि या वहीतली विचार करण्याची सवय उपयोगी पडते. या परीक्षा कठीण आहेत आणि तिला प्रवेश मिळेलच असे मी म्हणत नाही. न मिळाल्यास सांगलीचे विलिंग्डन किंवा कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय आपल्या घरापासून जवळ आहे. तेथून चांगला बी.एस्सी. करून ‘जॅम’ या प्रवेशपरीक्षेद्वारे आयआयटीत एम.एस्सी. करता येते, आणि कोल्हापुरातच शिवाजी विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आहे. ज्या मार्गाचा आपण तिला धाक घातलात, तो मार्ग हा असा आहे.

फिजिक्सच्या ३८ गुणांकडे मी दुर्लक्ष करत नाही. गुण कमी आहेत आणि ते वाढले पाहिजेत. परंतु बारावीच्या पुस्तकातले पहिलेच प्रकरण रोटेशनल डायनॅमिक्सचे आहे, आणि त्यात सपाट वर्तुळाकार रस्त्यावरील गाडी, उतार दिलेले वळण आणि जत्रेतली मौत का कुआँ यांचा हिशेब आहे. वळणावरचा सर्वाधिक सुरक्षित वेग घर्षणगुणक, त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ असतो आणि त्यात गाडीचे वस्तुमान येत नाही, हे सूत्र तिच्या गाडीचेच आहे. तिला टॉर्क्समधल्या एखाद्या रस्त्याच्या प्रत्येक वळणाची त्रिज्या घेऊन हा वेग काढायला सांगावे, आणि तिची गाडी प्रत्यक्षात किती वेगाने वळते त्याशी ताडून पाहायला सांगावे. दोन्ही आकडे जुळणार नाहीत, कारण शर्यतीच्या गाडीला हवेचा दाबही रस्त्यावर धरून ठेवतो. तो फरक समजावून घेताना प्रकरण पक्के होईल. तिच्या शिक्षकांनाही ही वही दाखवावी.

कॉम्प्युटर या आठवड्यात घरी आणावा. तो आणताना आपली अट घालावी, पण ती वेळेची असावी, निकालाची नसावी : बोर्डाची परीक्षा होईपर्यंत दिवसाला एकच बदल, त्यासाठी संध्याकाळी अर्धा तास, सराव रात्री आपोआप, आणि सकाळी नोंद लिहून अभ्यासाला बसायचे. विजेची काळजी असेल तर साध्या डेस्कटॉपला रात्रभरात साधारण एक-दीड युनिट लागते. त्यासाठी भांडण नको. बी.एस्सी.बद्दलचे ते वाक्य मागे घेत असल्याचे आपण स्वतः तिला सांगावे, तिच्या आईकरवी निरोप पाठवू नये. त्यानंतर तिच्याशेजारी बसून भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट यांच्या संकेतस्थळांवरच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढून घ्याव्यात आणि एखाद्या रविवारी तिला त्यांतले दोन-तीन प्रश्न, वेळेचे बंधन न घालता, सोडवून पाहू द्यावेत. या परीक्षांचे अर्ज साधारणतः बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास सुरू होतात आणि त्या धावपळीत अनेक मुलांची मुदत निघून जाते, म्हणून अर्जाच्या तारखा पाहण्याचे काम आपण स्वतःकडे घ्यावे.