लंबकाला ढकलतंय कोण?

प्रश्न : मी एम.एस्सी.ला क्वांटम मेकॅनिक्स शिकवते. टनेलिंग (ऊर्जा अपुरी असूनही कण भिंतीपलीकडे सापडणं) दाखवायला प्रयोगशाळेत सोय नाही, म्हणून तयार सिम्युलेशन प्रोजेक्टरवर लावते. मुलं खूश होतात, पण प्रश्न विचारला की गप्प. माझं चुकतंय कुठं?
— एक प्राध्यापिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मॅडम, तयार चित्रात पोरांना चुकायला जागाच नसते. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००१ मध्ये नोबेल मिळाल्यावर पुढच्याच वर्षी सुरू केलेली ‘फेट’ या शैक्षणिक प्रकल्पाची सिम्युलेशन्स मीही लावतो, मराठीतसुद्धा आहेत. पण एम.एस्सी.ला ती पहिल्या दहा मिनिटांपुरती.

त्यानंतर मी कोऱ्या फाइलवर साध्या लंबकाचा पायथन प्रोग्राम लिहायला लावतो. एक मीटर दोरी, दहा अंशांचा झोका, टाइम स्टेप (एका हिशेबापासून पुढच्यापर्यंतचा वेळ) ०.०१ सेकंद. (कोन रेडियनमध्ये, नाहीतर वेगळाच तमाशा.) घर्षण नाही. दहा सेकंदांनी झोका किती, हे आधी वहीत लिहायचं. सगळे दहाच लिहितात. ऑयलरच्या साध्या पद्धतीनं (नवा कोन आणि नवा वेग, दोन्ही जुन्या आकड्यांवरून काढायचे) चालवलं की येतात सोळा! पहिल्या वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, ह्याला ढकलतंय कोण?” रंकाळ्याच्या बागेतला झोपाळा असा आपोआप चढला, तर आई पोराला उचलून घरी नेईल.

त्या दिवशी दुसरं काही शिकवलं नाही. दर स्टेपला ऊर्जा साधारण एक हजारांशानं वाढते, सेकंदाला शंभर स्टेप; म्हणजे चक्रवाढ व्याज. सोसायटीचं कर्ज घरात असलेल्यांनी ते पटकन हेरलं. इलाज एका ओळीचा : आधी वेग बदलायचा, मग त्या नव्या वेगानं कोन. ऊर्जा किंचित वरखाली होते, पण चढत जात नाही.

आता तुमचं टनेलिंग. क्वांटम कणाची स्थिती काळानुसार कशी बदलते हे सांगणाऱ्या श्रोडिंजरच्या समीकरणाला तीच ऑयलरची पद्धत लावू द्या. कण कुठंतरी सापडण्याची एकूण संभाव्यता एक राहायला हवी, ती एकच्या वर जाते. कण भिंतीपलीकडे किती गेला हे राहिलं बाजूला, एकाचा सव्वा कसा झाला यावर वर्गात भांडण लागतं. हॅमिल्टोनियन (ऊर्जेचा ऑपरेटर) हर्मिशियन (ऊर्जा वास्तव संख्येत देणारा) असून भागत नाही, स्टेपही युनिटरी (एकूण संभाव्यता न बदलणारी) लागते, हे तेव्हा कळतं. अशी स्टेप देणारी क्रँक-निकोल्सन पद्धत भांडण रंगल्यावर द्या, आधी नको.

पायथन फुकट आहे. कॉम्प्युटर कमी असतील तर दोघांत एक चालेल. तिघांत नको, तिसरा मोबाइल बघत बसतो.