विचारा बिनधास्त : गाडी पण बैलाला मागे ओढते, मग ती पुढे जाते कशी?

या वेळी बल आणि गतीवरच इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकलले. पहिला प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला म्हणून त्याचं उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : सर, मी नववीत आहे. न्यूटनचा तिसरा नियम पाठ आहे. पण बैल गाडीला जेवढ्या बलाने पुढे ओढतात तेवढ्याच बलाने गाडी बैलांना मागे ओढते ना? मग दोन्ही कॅन्सल होऊन गाडी जागेवरच राहायला पाहिजे. वर्गात विचारलं तर "पेपरात एवढं येत नाही" म्हणाले.
— नववीतली विद्यार्थिनी, बारामती तालुका

उत्तर : पेपरात येवो न येवो, ही शंका ज्याला कधी आलीच नाही त्याला तिसरा नियम नुसता पाठ आहे असं मी समजतो. तुला आली म्हणजे तू खरंच विचार करतेयस, शाब्बास!

आता वहीत दोन चित्रं काढ, एक फक्त गाडीचं आणि एक फक्त बैलजोडीचं, आणि मधे चांगली जागा सोड, कारण सगळा घोळ दोघांचं एकच चित्र काढल्यामुळे होतो. प्रत्येक बलाला दोन प्रश्न विचारायचे, कोणी लावलं आणि कोणावर लावलं, आणि ज्याच्यावर लावलं त्याच्याच चित्रात बाण काढायचा. बैलांनी गाडीला ओढलं हा बाण गाडीच्या चित्रात जाईल, गाडीने बैलांना मागे ओढलं हा बैलांच्या चित्रात. दोन बाण दोन वेगळ्या चित्रांत आहेत, मग ते एकमेकांना कॅन्सल करणार कसे? तुझ्या खात्यात शंभर रुपये आले आणि माझ्या खात्यातून शंभर गेले तर तुझा बॅलन्स शून्य होतो का?

मग बैलांना पुढे कोण नेतं? तर जमीन. बैल खूर रोवून जमिनीला मागे रेटतात आणि जमीन त्यांना पुढे रेटते, हीपण तिसऱ्या नियमाचीच जोडी आहे. ऊसाच्या हंगामात कारखान्याकडे निघालेल्या गाड्या तू बघितल्या असशीलच, डांबरी चढावर बैलाचा पाय सटकला की त्याच्या अंगात ताकद असूनही गाडी अडते, कारण जमिनीकडून मिळणारा रेटाच गेला.

आकडे घेऊ, मी सोपे धरलेत. भरलेली गाडी 600 किलो, बैलजोडी 800 किलो, जमीन बैलांना पुढे रेटते 900 न्यूटनने, आणि चाकांचं घर्षण वगैरे धरून गाडीला मागे खेचणारं बल 200 न्यूटन. सगळं मिळून 1400 किलो आणि उरलेलं बल 700 न्यूटन (न्यूटन हे बलाचं एकक). बलाला वस्तुमानाने भागलं की त्वरण, म्हणजे वेग बदलायचा दर मिळतो, इथे 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग. आता एकट्या गाडीला एवढं त्वरण द्यायला 300 न्यूटन लागतात, वर घर्षणाचे 200, म्हणजे बैल तिला 500 न्यूटनने ओढतायत. बैलांचं चित्र बघ, पुढे 900, मागे गाडीचे 500, उरले 400, त्याला 800 ने भाग, परत 0.5 च आलं! आणि गाडीने बैलांना मागे ओढलं तेही 500 च. तिसरा नियम कुठेही मोडला नाही आणि गाडी पण निघाली.

आता खरी गंमत पुढे आहे. गाडी एकदा लयीत आली, वेग वाढतही नाही आणि कमीही होत नाही, तेव्हा जमीन बैलांना फक्त 200 ने रेटते, बैल गाडीला 200 ने ओढतात, घर्षण गाडीला 200 ने मागे खेचतं. गाडीवरचं एकूण बल शून्य, तरी गाडी चालूच! कारण चालू ठेवायला बल लागत नाही, वेग बदलायला लागतं, आणि बैल ओढत राहतात ते घर्षणाची भरपाई करायला. ओढल्याशिवाय काही चालत नाही असं अ‍ॅरिस्टॉटलपासून लोक मानत होते, कारण डोळ्यांना तसंच दिसतं. गॅलिलिओने उतरत्या फळ्यांवर गोळे सोडून वेगळा विचार मांडला आणि 1687 साली न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात तो पहिला नियम म्हणून आला. एवढ्या मोठ्या माणसांना इतका काळ लागला, तुला एक आठवडा लागला तर काही बिघडत नाही.

प्रश्न : एसटीने ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो, ते बल कोणतं? मुलाने विचारलं, मला सांगता आलं नाही. आणि कारमध्ये छोट्या मुलीला मी मांडीवर घट्ट धरून बसते, तेवढं पुरतं ना?
— एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, पुढे ढकलणारं बल नसतंच. "कोणी लावलं" हा प्रश्न विचारून बघा, मागून कोणीच ढकललेलं नसतं. बस थांबायला लागते, तुमचे पाय बसच्या फरशीला टेकलेले म्हणून पाय बसबरोबर मंद होतात, आणि वरचं अंग आधीच्याच वेगाने पुढे जात राहतं. यालाच जडत्व म्हणतात. तुम्ही दांडा पकडता तेव्हा दांडा तुम्हाला मागे ओढतो आणि खरं बल ते आहे.

आता दुसरा प्रश्न, आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कार ताशी 45 किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला 12.5 मीटर. नेहमीच्या ब्रेकने अडीच सेकंदात थांबली तर 10 किलोच्या मुलीला धरायला 50 न्यूटन लागतात, साधारण 5 किलोची पिशवी उचलायला लागतं तेवढं, आणि म्हणूनच आपल्याला वाटत राहतं की आपण धरू शकतो. पण तीच कार कशावर तरी आदळून एक दशांश सेकंदात थांबली तर 1250 न्यूटन लागतात, म्हणजे सव्वाशे किलोच्या वर वजन एका क्षणात हातावर. ते कोणत्याच आईच्या हातांना जमणार नाही, माया कितीही असली तरी. शिवाय तुम्ही स्वतःही पुढे जात असता. तिला चाइल्ड सीटमध्ये पट्टा लावूनच बसवा, मागच्या सीटवर, अगदी जवळ जायचं असलं तरी. प्लीज.

प्रश्न : अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून अंतराळवीर तरंगतात, बरोबर ना?
— दहावी, रत्नागिरी

उत्तर : चूक, पण ही चूक मोठी माणसं पण करतात. 2025 च्या जूनमध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला ज्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले ते जमिनीपासून साधारण 400 किलोमीटरवर फिरतं आणि तिथे गुरुत्वत्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचं त्वरण, 8.7 मीटर प्रति सेकंद वर्गच्या आसपास आहे, आपल्याकडे 9.8. म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के शिल्लक आहेच की. स्थानक एका सेकंदात पृथ्वीकडे सव्वाचार मीटरच्या थोडं वर पडतं, पण त्याच सेकंदात साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त आडवं जातं, आणि तेवढ्या अंतरात गोल पृथ्वीचा पृष्ठभाग पण तेवढाच खाली वळलेला असतो. म्हणून ते पडतच राहतं आणि जमिनीला टेकत नाही. आतला माणूस, त्याचा पेन, पाण्याचे थेंब सगळे सोबतच पडतायत, म्हणून तरंगल्यासारखे दिसतात. इथे बल वेगाची दिशा बदलतंय, वेग बदलला असं म्हणताना दिशा पण धरायची हे परीक्षेसाठीही लक्षात ठेव.

प्रश्न : मी रोज बाइकने नाशिक रोडला जातो. 40 ऐवजी 80 ने गेलो तर ब्रेकला डबल अंतर लागेल, एवढंच ना?
— वाचक, चाकण

उत्तर : डबल नाही भाऊ, चौपट. ब्रेक दर सेकंदाला ठराविकच वेग कमी करू शकतो, म्हणून दुप्पट वेगाला थांबायला दुप्पट वेळ लागतो, आणि त्या दुप्पट वेळात सरासरी वेग पण दुप्पट असतो, दोन गुणिले दोन. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरला दर सेकंदाला 7 मीटर प्रति सेकंद एवढा वेग कमी करता येतो असं धरू. 40 ला साधारण 9 मीटर लागतात, 80 ला 35. यात तुम्ही समोरचं बघून ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही. तो एक सेकंद धरला तर 40 ला अजून 11 मीटर आणि 80 ला 22, म्हणजे एकूण 20 आणि 57.

आणि बाइकला थांबवतो तो ब्रेक नाही, रस्ता! ब्रेक फक्त चाक अडवतो, बाइकला मागे खेचणारं घर्षण रस्त्याचं असतं. पहिल्या पावसात धूळ आणि ऑइल मिळून रस्त्यावर चिकट थर होतो, तेव्हा हे घर्षण समजा निम्मं झालं तर 80 चे ते 35 मीटर सत्तर होतात. त्यात घाबरून ब्रेक कचकन दाबला की चाक लॉक होऊन घसरायला लागतं, आणि घसरणाऱ्या टायरचं घर्षण फिरणाऱ्या टायरपेक्षा कमी असतं, वर हँडलही ऐकत नाही. एबीएस ही ब्रेकची यंत्रणा सेकंदात अनेक वेळा ब्रेक सोडून-दाबून चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून तर 125 सीसीच्या वरच्या नवीन गाड्यांना ते 2019 च्या एप्रिलपासून सक्तीचं झालं. तुमची गाडी त्याआधीची असेल तर पावसात पुढचा-मागचा ब्रेक दोन्ही हळूहळू दाबायची सवय रिकाम्या रस्त्यावर करून बघा, टायरची नक्षी गेली असेल तर याच महिन्यात टायर बदला, आणि समोरच्या ट्रकपासून आत्ता जेवढं अंतर ठेवता त्यापेक्षा बरंच जास्त ठेवा.